टाकलखेऱ्याचा ओळंबा

पावसाची झड सरून ऊन पडलं की परतवाड्यातून दिसणारा उत्तरेचा डोंगर एकदम जवळ येतो. एरवी ती धुरकट निळी भिंत असते. त्या दिवशी मात्र गाविलगडाच्या अंगाचे कडे, कड्यांमधल्या घळी, माथ्यावरची सपाटी असं सगळं वेगवेगळं दिसू लागतं. सपाट काळ्या रानातून साडेसातशे मीटर तरी उंच उठलेलं एवढं दगडाचं वजन डोळ्यांसमोर असतं, आणि रोजच्या सवयीनं आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

या डोंगरानं दोनशे वर्षांपूर्वी एक ओळंबा फसवला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. बांधकामावर भिंत सरळ की वाकडी यावरून मालक, ठेकेदार आणि शेजारी भांडत असले, तर गवंडी मुकाट्यानं दोरी सोडतो आणि भांडण संपतं. ओळंब्याला कोणाची बाजू नसते. तो बिघडायला त्यात आहेच काय? तरीही तो इथं चुकला, आणि अशा रीतीनं चुकला की भोवतालची शेकडो मापं त्याची चूक पकडू शकली नाहीत.

जुन्या इंग्रजी कागदांत एलिचपूरपासून, म्हणजे आपल्या अचलपूरपासून, आग्नेयेला १५ मैलांवर एक ठिकाण नोंदलेलं आहे. कोणी त्याला टाकूरखेरा लिहितो, कोणी टाकलखेरा. टाकरखेडा नावाची गावं आपल्या जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत, म्हणून मी कागदातलंच नाव ठेवतो. १८२२ मध्ये तिथं साखळीनं जमीन मोजली गेली आणि रात्री तंबूत ताऱ्यांचे वेध घेतले गेले. पृथ्वीचा आकार काढण्याच्या एका मोठ्या गणितातलं ते मधलं ठाणं होतं.

हल्ली वायरलेस सेन्सरांच्या जाळ्यांबद्दल बरंच ऐकू येतं. संत्र्याच्या बागेतली ओल, जंगलातली उष्णता, दरडीचं सरकणं मोजायला शेकडो छोटी यंत्रं मांडायची आणि त्यांनी तारेवाचून एकमेकांमार्फत निरोप पोचवायचे. त्यातलं एखादं मुकं झालं तर काम अडू नये, आणि एखादं भलतंच सांगू लागलं तर ते ओळखू यावं, यासाठी संशोधकांनी ढीगभर प्रबंध लिहिले आहेत. हाच धंदा वऱ्हाडात १८२२ साली चालू होता. बॅटरीच्या जागी खलाशी होता आणि अँटेनाच्या जागी निशाण.

हे जाळं विणणारा माणूस म्हणजे विल्यम लॅम्बटन. हा ब्रिटिश फौजेच्या ३३व्या पलटणीतला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात कूच करत होती. लॅम्बटननं आकाशाकडे पाहिलं आणि साहेबाला सांगितलं, की आपण दक्षिणेला जायचं सोडून उत्तरेला, टिपूच्या गोटाकडे चाललो आहोत. वाट शोधायला आपल्याला ताऱ्यांची गरज नाही, अशा अर्थाचं काहीतरी बेअर्ड गुरगुरला. थोड्याच वेळात शत्रूच्या चौकीशी गाठ पडली. मग उजेड करून होकायंत्र पाहिलं, तर तारे बरोबर निघाले आणि जनरल चूक. हा प्रसंग मला या सगळ्या कहाणीची नांदी वाटतो. सगळे एका दिशेनं चाललेले असताना एकाचं निरीक्षण उलटं येतं, तेव्हा ऐकायचं कोणाचं?

याच ३३व्या पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली. त्यानं १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेतला आणि दोन दिवसांनी देवगावच्या तहावर रघूजी भोसल्यांकडून वऱ्हाड सोडवून घेतलं. तेव्हा लॅम्बटन दूर दक्षिणेत होता, पण दोघांच्या वाटा या एकाच डोंगराच्या पायथ्याशी येऊन पोचल्या, वीस वर्षांच्या अंतरानं.

लॅम्बटननं सुरुवात केली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ, १० एप्रिल १८०२ रोजी. साडेसात मैलांची पायारेषा त्यानं १०० फुटी पोलादी साखळीनं मोजली. त्याला ५७ दिवस लागले. त्या साखळीचा प्रवास गमतीचा आहे. चीनच्या बादशहाला नजर करायला इंग्रज वकिलातीनं जे सामान नेलं होतं, त्यातली ती. दरबारात तिचं काही कौतुक झालं नाही, म्हणून ती परत फिरली आणि शेवटी लॅम्बटनच्या हाती आली. त्याच्याकडे दुसरीही एक साखळी होती. तिच्यानं जमीन मोजायची नाही, असा दंडक होता. पहिली झिजली का, ताणली गेली का, हे तपासायला तिच्याशी ताडून पाहायचं, एवढंच तिचं काम. राबायचं नाही, फक्त खरं राहायचं. आजच्या जाळ्यांतही असं एखादं राखून ठेवलेलं यंत्र असतं, आणि खर्च कमी करायला बसलेल्या माणसाची कात्री पहिल्यांदा त्याच्यावरच चालते.

पायारेषा एकदा हाती आली की पुढे साखळीची गरज नाही. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एका टेकडीवरचं निशाण पाहायचं आणि कोन मोजायचे. एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणितानं मिळतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण चढवायचे. असे त्रिकोणावर त्रिकोण रचत लॅम्बटन कन्याकुमारीजवळून निघून ७८व्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिला. हाच पुढे ‘ग्रेट आर्क’ म्हणून गाजला. १८१५ मध्ये तो बिदरला पोचला. १ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेलं आणि त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ असं भारदस्त नाव मिळालं. त्याच वर्षी लॅम्बटनला एक नवा मदतनीस मिळाला, जॉर्ज एव्हरेस्ट.

दोन कोनांनी काम भागतं, तरी शक्य तिथं लॅम्बटन तिसराही मोजायचा. शाळेत शिकवतात तशी तीन कोनांची बेरीज १८० अंश यायला हवी. पृथ्वी गोल असल्यामुळे ती किंचित वाढते. साधारण ७५ चौरस मैलांच्या त्रिकोणामागे एक विकला. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. एवढी वाढ धरूनही बेरीज जुळली नाही, तर तिघांपैकी कोणीतरी चुकलेलं आहे.

पण कोण? त्रिकोण चूक झाल्याचं सांगतो, चुकणाऱ्याचं नाव सांगत नाही. ही अडचण मूलभूत आहे. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ या तिघा संगणकशास्त्रज्ञांनी ती सेनापतींच्या गोष्टीतून सिद्ध करून दाखवली. एका शहराला वेढा घातलेले तीन सेनापती जासूद पाठवून एकमत करू पाहतात आणि त्यांतला एक फितूर असतो. उरलेल्या दोघांनी कितीही निरोप पाठवले, तरी फितूर कोण हे त्यांना ठरवता येत नाही. त्यासाठी चौथा लागतो. दोन फितूर असतील तर सात लागतात. त्यामुळेच तीन ठाण्यांच्या सुट्या त्रिकोणांऐवजी चार ठाण्यांचे चौकोन दोन्ही कर्णांसकट मोजायचे, मध्ये एक ठाणं धरून षट्कोन रचायचे, अशी रीत एव्हरेस्टच्या काळात पक्की झाली. काम वाढतं, खर्च वाढतो, पण एकाच बाजूची लांबी दोन वेगळ्या वाटांनी निघते आणि चुकार ठाणं शेजाऱ्यांच्या साक्षीनं उघडं पडतं.

यंत्राच्या चुकांची कथा तर वेगळीच. लॅम्बटनचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता आणि त्याची कोन मोजायची चकती तीन फूट व्यासाची. इंग्लंडहून येतानाच तो फ्रेंचांच्या हाती लागला होता. त्यांनी तो मॉरिशसला नेला आणि मग शास्त्राचं सामान म्हणून सन्मानानं परत केला. १८०८ मध्ये तंजावरला तो देवळाच्या गोपुरावर चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चकती वाकडी झाली. नवीन यंत्र मागवायचं तर वर्षं गेली असती. लॅम्बटन त्रिचनापल्लीला जाऊन तंबूत दडून बसला आणि सहा आठवडे पाचरी नि लाकडी हातोडी घेऊन त्यानं ती चकती जवळपास पूर्ववत गोल केली.

जवळपास. या शब्दाचं ओझं पुढची सगळी वर्षं वाहावं लागलं. एकदा वाकलेल्या चकतीवरच्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत असं छातीठोकपणे कोण म्हणणार? त्यावर उपाय असा की एकच कोन चकतीच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा मोजायचा. एका भागाची चूक अधिक असेल तर दुसऱ्याची उणे, आणि सरासरीत ती एकमेकींना खातात. एव्हरेस्टनं याची शिस्तशीर पद्धतच करून टाकली. भरवशाच्या नसलेल्या यंत्राकडून भरवशाचं उत्तर काढायची ही विद्या. वऱ्हाडात आलेलं यंत्र तेच, तंजावरला पडलेलं.

यंत्राहून माणसं जास्त बिघडायची. आपल्या उन्हाळ्यात काळ्या मातीवरून हवा अशी थरथरते की पंधरा कोसांवरचं निशाण पाण्यात पडल्यासारखं नाचतं. हिवाळ्यात धूळ आणि धुरकं. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते ती पावसाच्या दोन झडींमधल्या उघडिपीत. म्हणून लॅम्बटनचा मोसम पावसाळा. निशाणवाल्या टोळ्या आधी पुढे जात, डोंगरमाथे शोधत, तिथली झाडं तोडत, खांब रोवत आणि मग वाट पाहत बसत. कधी आठवडा, कधी महिना. ओल्या जंगलात, चुलीला कोरडं लाकूड नाही अशा जागी. खाली ओढ्याला पूर आला की शिधा वर जाणार नाही. आणि मुख्य शत्रू म्हणजे हिवताप. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात एव्हरेस्टची दीडशेच्या आसपास माणसं तापानं एकदम आडवी झाली. तो स्वतः एवढा खंगला की त्याला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला जावं लागलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर ठाणी मुकी होत होती. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला एवढंच कळायचं की निशाण दिसत नाही. धुकं आहे, की खांब पडला, की माणूस मेला, हे समजायला माणूसच पाठवावा लागे. सेन्सरांच्या जाळ्यात ठाणी अधूनमधून ‘मी आहे’ एवढंच सांगणारा एक निरोप पाठवतात. तो चुकला की शेजारी सावध होतात. डोंगरावरच्या खलाशाला असा निरोप पाठवायची सोय नव्हती. ग्रंथांत कोनांना विकलेच्या दशांशापर्यंत जागा मिळाली आहे, निशाण धरून उभ्या राहिलेल्यांच्या नावांना ती मिळालेली नाही.

एव्हरेस्टनं पुढे मोसमच बदलला. रात्री जमिनीलगतची थंड हवा उजेडाला वाकवते आणि दिवसा क्षितिजाआड असलेला दूरचा दिवा वर उचलल्यासारखा दिसू लागतो. मग पावसाळ्यात माणसं कशाला मारायची? कोरड्या दिवसांत, रात्री, दिव्यांवर काम करायचं. पुढे १८३० नंतर दिवसा काम करायला हेलिओट्रोप आला. आरशानं सूर्याचा कवडसा थेट दुर्बिणीकडे फेकायचा, ही गाउसची युक्ती. लॅम्बटनच्या निशाणापासून एव्हरेस्टच्या कवडशापर्यंतचा हा बदल मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो, जरी एव्हरेस्ट स्वतः फार माणुसकीचा म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याचा तापट स्वभाव कागदोपत्री ठायी ठायी सापडतो.

तर १८२२. वऱ्हाड निजामाचं. त्याच सालच्या तहानं वर्धा नदी हद्द ठरली आणि भोसल्यांनी १८०३ नंतरही राखलेले गाविलगड, नरनाळा आणि मेळघाट निजामाकडे गेले. या अदलाबदलीच्या वर्षातच लॅम्बटनच्या माणसांनी टाकलखेऱ्याच्या सपाट रानात पायारेषा मोजली. बिदरची पायारेषा त्रिकोणांच्या शिडीनं उत्तरेकडे चढवत आणायची, तिच्यावरून इथल्या रेषेची लांबी गणितानं काढायची, आणि मग तीच रेषा साखळीनं प्रत्यक्ष मोजायची. दोन्ही आकडे जुळले, तर मधले सगळे त्रिकोण खरे. विश्वास ठेवायचा पण मैलोगणती नाही, अधूनमधून थांबून जमिनीला विचारायचं, असा तो हिशोब.

सत्तरीला टेकलेला लॅम्बटन त्या वर्षाअखेर हैदराबादहून नागपूरकडे निघाला. क्षयानं पोखरलेला होता. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी तो गेला. तिथंच त्याची कबर आहे. वीस वर्षं ज्यानं हे जाळं हातानं विणलं, तो त्याच जाळ्याच्या कडेला पडला. त्याच्याभोवतीची माणसं, जोशुआ द पेनिंगसारखे जुने सहायक, त्याच्यावरच्या मायेनं टिकलेली होती. द पेनिंग नव्या साहेबाकडे फार दिवस राहिला नाही. पुढे १८३१ मध्ये तो कलकत्त्याच्या गणनाकचेरीचा प्रमुख म्हणून परतला, आणि त्याच कचेरीत राधानाथ सिकदर नावाचा तरुण बंगाली गणिती त्या वर्षी रुजू झाला.

एव्हरेस्टनं सूत्रं हाती घेतली आणि तो एलिचपूरच्या मुलखातून उत्तरेला सातपुड्यात शिरायच्या तयारीला लागला. त्या मोसमात त्याचे हातपाय लुळे पडले होते. वेध घ्यायला बसायचं तर दोघांनी उचलून बसवायचं, स्क्रूपर्यंत हात न्यायचा तर कोणीतरी तो खालून धरायचा. तरी काम थांबवलं नाही. हट्टीपणा म्हणा, पण माणूस लंगडत का होईना काम देत राहिला.

आता ओळंब्याकडे. त्रिकोणांवरून कळतं ते दोन ठाण्यांमधलं अंतर, फुटांत. पृथ्वीचा आकार काढायचा तर तेच अंतर अंशांतही हवं, म्हणजे दोन्ही ठिकाणचे अक्षांश हवेत. त्यासाठी झेनिथ सेक्टर नावाची लांब दुर्बीण जवळजवळ उभी टांगायची, डोक्यावरून जाणारा तारा तिच्यात धरायचा आणि तो ‘अगदी वर’ या दिशेपासून किती सरकलेला आहे ते मोजायचं. पण अगदी वर म्हणजे कुठे? हे सांगणार ओळंबा. त्याची दोरी खाली जिथं दाखवते, त्याच्या बरोबर उलट वर.

टाकलखेऱ्याचा अक्षांश निघाला सुमारे २१ अंश ६ कला. दक्षिणेचं ठाणं बिदरजवळचं दामरगिडा, १८ अंश ३ कलांवर. उत्तरेचं सिरोंजजवळचं कल्याणपूर, २४ अंश ७ कलांवर. टाकलखेरा जवळजवळ मधोमध. तीन-तीन अंशांचे दोन तुकडे हाती आले, ते एकमेकांशी ताडून पाहता येतील अशी ही छान मांडणी.

आणि उत्तरेला, पंचवीस-तीस किलोमीटरवर, गाविलगडाचा डोंगर.

वस्तू वस्तूला ओढते हे न्यूटननं सांगितलं होतं. डोंगराचं वजन मोठं असेल तर तो जवळच्या ओळंब्याला आपल्याकडे ओढील. १७७४ मध्ये मास्केलिननं स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबे सोडून हे दाखवूनही दिलं होतं. दोन्ही बाजूंचा मिळून फरक सुमारे साडेअकरा विकला. इथला ओळंबा उत्तरेकडे ओढला गेला, तर ‘वर’ दक्षिणेकडे कलतं आणि ठाण्याचा अक्षांश खऱ्यापेक्षा कमी येतो. दक्षिणेचा तुकडा अंशांत आखूड भरतो, उत्तरेचा लांब. समजा ओढ पाच विकलांची आहे. पाच फुटी दोरीच्या टोकाला ते सरकणं केसाच्या अर्ध्या जाडीएवढं. जमिनीवर मात्र त्याचे होतात दीडशे मीटर. साखळी इंचाला भांडत असताना!

या चुकीचा बारकावा असा की जाळ्यातली एकही तपासणी तिला पकडत नाही. त्रिकोणांच्या बेरजा बरोबर येतात. पायारेषा जुळतात. त्याच रात्री दुसरा तारा धरला तरी तेच उत्तर येतं, कारण चूक ताऱ्यात नाही. दुसरा निरीक्षक बसवा, दुसरं यंत्र आणा, ओळंबा बदला, तरी डोंगर तिथंच आहे. शंभर वेळा मोजून सरासरी काढली की चुका एकमेकींना खातात, हा सगळा भरवसा चुका वेगवेगळ्या दिशांच्या असतील तेव्हाच खरा ठरतो. सगळ्या एकाच दिशेच्या असतील, तर शंभर साक्षीदारही एकच खोटं सांगतात, आणि एकमतामुळे ते जास्तच खरं वाटतं.

बागेतल्या सेन्सरचंही असंच होतं. ठिबकच्या गळक्या नळीपाशी पुरलेला सेन्सर कायम ‘जमीन ओली’ सांगणार. तो बिघडलेला नाही. त्याच्या पायाखालची माती खरंच ओली आहे. शेजारचे सेन्सर वेगळं सांगतात म्हणून जाळं त्याची पत कमी करतं. दर वेळी पटलं तर गुण वाढवायचे, नाही पटलं तर कापायचे, अशा हिशोबाची सूत्रं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ निघाली. पण सगळी ओळच गळक्या पाइपावर असेल, तर एकटा कोरड्या जागचा सेन्सरच गुन्हेगार ठरतो. तिथं गुणांची सूत्रं कामाची नाहीत. उठून बागेत जाऊन नळी पाहावी लागते.

एव्हरेस्टनं नळी पाहिली. १८२४-२५ च्या हिवाळ्यात सिरोंजची पायारेषा उरकून तो १८२५ मध्ये इंग्लंडला गेला, आणि १८३० मध्ये त्यानं दामरगिडा ते कल्याणपूर या टप्प्याचा वृत्तान्त छापला. टाकलखेऱ्याच्या उत्तरेच्या डोंगराळ पठाराच्या ओढीचा विचार त्यात आहे. तीन ठाण्यांपैकी एकाच्या आसपास असं काही आहे जे बाकीच्या दोघांच्या आसपास नाही, हे त्याच्या डोळ्यांत भरलं. ते आकड्यांच्या रकान्यांतून दिसणारं नव्हतं. त्यासाठी मान वर करून क्षितिज पाहणारा माणूस लागला.

त्याच वर्षी तो नवी यंत्रं घेऊन परतला. साखळीऐवजी पितळ आणि लोखंड यांच्या जोडीचे दांडे आले, उष्णतेनं दोन्ही धातू वेगवेगळे वाढतात, पण दोन टोकांवरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही अशा युक्तीचे. यंत्रांच्या दुरुस्तीला अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन होता. विलायतेहून आलेल्या कारागिराला जमलं नाही ते त्याच्याकडे जायचं. लॅम्बटनची मापं, ती झिजणारी साखळी आणि ती एकदा पडलेली चकती एव्हरेस्टला आता पुरेशी वाटेनात. म्हणून दामरगिडा ते कल्याणपूर हा टप्पा नव्यानं मोजायचं ठरलं. एव्हरेस्टचा सहायक अँड्र्यू वॉ याच्या टोळ्या पुन्हा वऱ्हाडातून गेल्या. १८४१ मध्ये बिदरची पायारेषा नव्या दांड्यांनी मोजली, तेव्हा उत्तरेकडून त्रिकोणांनी उतरवत आणलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला चार-साडेचार इंचांचा. आठ मैलांच्या रेषेत, शेकडो मैलांचे डोंगर-दऱ्या ओलांडून!

१८४७ मध्ये एव्हरेस्टचा दुसरा मोठा ग्रंथ निघाला. त्यात ‘ग्रेट आर्क’च्या कंसाचे दोन तुकडे आहेत: दामरगिडा ते कल्याणपूर आणि कल्याणपूर ते मुझफ्फरनगरजवळचं कलियाना. तुकड्यांच्या टोकांत टाकलखेरा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मधोमध शोभून दिसणारं ते ठाणं जाळ्यातून गळलं आणि जाळं त्याच्यावाचून उभं राहिलं.

पण डोंगर एवढ्यानं सुटला नाही. कल्याणपूर आणि कलियाना यांच्यातलं अंतर त्रिकोणांनी काढलं आणि ताऱ्यांनी काढलं, तर ५.२३६ विकलांचा फरक उरला. या वेळी संशय थेट हिमालयावर गेला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वजनाचा हिशोब मांडला. उत्तर आलं १५ विकलांहून जास्त. म्हणजे चूक जेवढी होती त्याच्या तिप्पट व्हायला हवी होती! ओळंबा जेवढा झुकायला हवा तेवढा झुकतच नव्हता. १८५५ मध्ये राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्यावर अर्थ सुचवला: उंच डोंगरांच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर रुतलेलं असणार, लाकडाचा ओंडका पाण्यात बुडतो तसं. वरचं जास्तीचं वजन खालच्या हलकेपणानं बरंचसं फिटतं. चुकलेल्या ठाण्याचा पाठलाग करता करता माणसांना पृथ्वीच्या पोटातली गोष्ट सापडली. सेन्सर खोटं बोलतच नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

एव्हरेस्टच्या १८३०च्या आकड्यांवर पृथ्वीचा जो लंबगोल ठरला, त्यावर आपल्या सर्व्हेच्या टोपोशीट दीडशे वर्षांहून जास्त काळ छापल्या गेल्या. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश आणि मोबाइलवरचे जुळत नाहीत ते याच कारणानं. मोबाइलचा लंबगोल वेगळा आहे. तिकडेही जाळंच आहे, फक्त निशाणं आकाशात टांगलेली. जागा काढायला चार उपग्रह पुरतात. त्यांतला एखादा चुकतोय हे कळायला पाचवा लागतो, आणि चुकणारा नेमका कोणता हे सांगायला सहावा. ही बेरीज १८२२ च्या त्रिकोणवाल्यांना लगेच कळली असती.

परवा ओळखीच्या एका गवंड्याला ही सगळी हकिकत सांगितली. चिखलदऱ्याच्या रस्त्याला एक भिंत चढवत होता. म्हटलं, पाच विकलांची ओढ धरली, तर तुझ्या तीन मीटर भिंतीचं डोकं डोंगरापायी केसभर दक्षिणेला कललेलं असेल, आणि तुझा ओळंबा ते कधीच सांगणार नाही. त्यानं एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा दोरीकडे.

“केसभर न?” तो म्हणाला. “तेवढं त पलस्तरातच जाते भाऊ.”